यंदाचं वाण : सांधण दरी

संक्रांत जवळ आली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत दरवर्षी एकच विषय निघतो, 'यंदा वाण काय लुटायचं?' गेल्या पंधरा वर्षांत आम्ही काय काय लुटलं याची यादी केली, तर भांड्यांचं एक छोटं दुकान सहज उभं राहील. स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे, चहाची गाळणी, कुंकवाचे करंडे, एका वर्षी तर चक्क पायपुसणी! घरोघरी तेच डबे एकमेकींकडे फिरत राहतात आणि शेवटी माळ्यावर जाऊन बसतात. तुमच्याकडेही असंच होत असेल, नाही का?

दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत हीच चर्चा रंगली होती. कुणी फळांच्या बास्केटा म्हणत होतं, कुणी कापडी पिशव्या. बोलता बोलता माझं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या अक्कांकडे गेलं. अक्का आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. आयुष्यभर विड्या वळत आलेल्या. बचतीचा हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही, बैठक कधी बुडवली नाही. पण हळदीकुंकवाला मात्र त्या कधीच दिसल्या नाहीत. नवरा गेला तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या, हे मला माहीत होतं. माहीत होतं, पण ते दोन धागे मी कधी जोडलेच नव्हते.

बैठक संपल्यावर मी त्यांना विचारलं, "अक्का, यंदा याल ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मी काय करू येऊन तिथं? तुमचा सण हाय तो ताई. मी बैठकीला येते की!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षं सामाजिक काम करते म्हणून मिरवणारी मी! व्यासपीठावरून समतेवर बोलणारी! आणि माझ्याच गटातल्या पाच बायका दरवर्षी संक्रांतीला घरी बसून राहतात, हे मला दिसलंही नव्हतं. पुढच्या बैठकीत मी सरळ सांगितलं, "यंदा डबे नकोत, वाट्या नकोत. वाण म्हणून सगळ्या मिळून एक सहल काढूया. सगळ्या म्हणजे सगळ्या. कुंकू लावणाऱ्या, न लावणाऱ्या." थोडी कुजबुज झाली, पण सहलीच्या नावाने ती लगेच विरली. गटाच्या खात्यात हळदीकुंकवासाठी ठेवलेले पैसे होतेच. वर प्रत्येकीने थोडी भर घालायची असं ठरलं.

पण जायचं कुठे? तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर हे तर आमच्या अंगणातलं. गाणगापूर झालेलं. तेवढ्यात आमच्यातल्या एका वहिनींनी मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांची भाची अमेरिकेत असते. ती ग्रँड कॅन्यनच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आली होती. कोलोराडो नदीने कोरलेली ती अफाट दरी. लांबी जवळजवळ साडेचारशे किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरच्याही वर! म्हणजे सोलापूरहून निघून पुण्याच्याही पुढे जाईपर्यंत सलग दरीच दरी. सगळ्या जणी फोटो बघून अवाक झाल्या. आणि अक्का पटकन म्हणाल्या, "असलं आपल्याकडं नसतंय का?"

असतं की! तेवढं मोठं नाही, पण असतं. माझ्या पुतण्याला डोंगर भटकायचं वेड आहे. त्याने नाव सांगितलं, सांधण दरी.

ही सांधण दरी नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात साम्रद नावाच्या छोट्याशा गावाजवळ आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा परिसर. १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झालं. इथे एक गोष्ट मीही नव्याने शिकले. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत फरक असतो. ताडोबा किंवा आपल्या सांगलीकडचं चांदोली ही राष्ट्रीय उद्यानं. तिथे गुरं चारायचा, वस्ती करून राहायचा हक्क लोकांना राहत नाही. अभयारण्यात मात्र स्थानिकांचे काही हक्क राखता येतात. म्हणून साम्रदसारखी गावं आजही अभयारण्यात नांदती आहेत. आम्हा सोलापूरकरांना अभयारण्य म्हटलं की नान्नजचं माळढोकाचं अभयारण्य तेवढं ठाऊक. तिथे तर सपाट गवताळ माळ! डोंगरातलं, दरीतलं अभयारण्य आमच्यापैकी एकीनेही पाहिलेलं नव्हतं.

ठिकाण ठरलं, पण खरी चढाई घरातच होती. सासूबाई म्हणाल्या, "चाळिशी उलटली, गुडघे दुखतात म्हणून रोज तेल चोळतेस, आणि दगडाधोंड्यांत कशाला जायचं?" मुलगा म्हणाला, "आई, तू? ट्रेक?" आणि खो खो हसला. यजमान काही बोलले नाहीत, फक्त कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "पाण्याचा वार कधी आहे?" सोलापूरच्या बाईला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या गावाने कित्येक वर्षं तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी पाच दिवसांआड नळाला पाणी पाहिलं आहे. लग्नाची तारीख असो, बारसं असो की माहेरपण, आधी पाण्याचा वार बघायचा आणि मग बाकीचं. चौदा जणींचे पाण्याचे वार जुळवता जुळवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी रथसप्तमीनंतरचा एक शुक्रवार ठरला. रात्री निघायचं, शनिवार-रविवार तिकडे, सोमवारी पहाटे परत.

मोहोळ, टेंभुर्णी, करमाळा करत आमची गाडी रात्रभर धावत होती. गाडीत अंताक्षरी, भुलाबाईची गाणी, उखाणे, सगळं झालं. पहाटे नगर मागे पडलं, संगमनेर-अकोले ओलांडलं आणि राजूरच्या पुढे रस्ता डोंगरात शिरला. आम्ही माळरानावरच्या बायका. डोंगर म्हणजे लांबून दिसणारी निळसर रेघ. इथे तर डोंगर अगदी गाडीच्या काचेला नाक लावून उभे!

भंडारदऱ्याला प्रवरा नदीवरचं दगडी धरण पाहिलं. १९२६ साली ते बांधून पूर्ण झालं. धरणाच्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता रतनवाडीला जातो. तिथलं अमृतेश्वराचं मंदिर हजारएक वर्षांपूर्वीचं. दगडावरची नक्षी इतकी बारीक, की आमच्यातली भरतकाम करणारी काकू हात फिरवत तिथेच बसून राहिली. शेजारची पुष्करणीही बघण्यासारखी आहे. मागे रतनगड. त्या किल्ल्याच्या माथ्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. खरंच, सुईचं नेढं असावं तसंच.

या भागातली कळसूबाईची गोष्ट तर प्रत्येकीने ऐकावी अशी आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. तिथे देवीचं छोटंसं देऊळ आहे. या देवीची अशी कथा सांगतात, की कळसू नावाची एक कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली. पण अट घालून राहिली. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही! काही दिवस बरे गेले. मग एक दिवस तिला भांडी घासायला लावलीच. तिने ती घासली आणि तडक डोंगर चढून गेली, ती परत आलीच नाही. आमच्या गाडीत ही गोष्ट ऐकून एवढा हशा पिकला, की ड्रायव्हरनेही मागे वळून पाहिलं. मग मात्र सगळ्या एकदम गप्प झाल्या. प्रत्येकीला आपापल्या घरची घासायची राहिलेली भांडी आठवली असणार.

साम्रदला दुपारी पोचलो. गाव लहान. बहुतेक घरं महादेव कोळी समाजाची. ज्या घरी आमची जेवणाखाण्याची सोय होती, तिथल्या वहिनींनी अंगण शेणाने सारवून ठेवलेलं होतं. चुलीवर नाचणीच्या भाकरी, पिठलं, ठेचा आणि त्यांच्याच शेतातल्या तांदळाचा भात. आम्ही आमची शिदोरी सोडली. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. वहिनींनी कडक भाकरी हातात घेऊन पापडासारखी मोडली आणि विचारलं, "ही किती दिवस टिकते?" म्हटलं, "महिनाभर." त्या म्हणाल्या, "मग पावसाळ्याला बरी!"

पावसावरून गप्पा निघाल्या. आमच्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस झाला तरी चांगलं वर्ष म्हणायचं. इथे शेजारच्या घाटघरला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने सूर्य दिसत नाही म्हणे. आमच्या एका मावशींना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "नशीबवान बाई तुम्ही! पाण्याची चिंता नाही." वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मावशी, एप्रिल-मे मध्ये या. झऱ्यावर रात्रीची भांडी लावून बसावं लागतं."

आम्ही चाट पडलो. समोर एवढं मोठं धरण, डोक्यावर एवढा पाऊस, आणि उन्हाळ्यात पाणी नाही? पण कारण अगदी साधं होतं. इथला डोंगर म्हणजे काळा कातळ. त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पडलेलं पाणी थांबतच नाही. काही कोकणात उतरतं, काही धरणात जातं, आणि धरण खाली, गावं वर. जवळच घाटघरला २५० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. २००८ मध्ये तो सुरू झाला. वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करायची आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, अशी त्याची रीत. पाणी यंत्राने डोंगर चढतं, पण बाईच्या डोक्यावरचा हंडा काही उतरत नाही. सहाशे मिलिमीटरवाल्या आम्ही आणि पाच हजारवाल्या त्या, दोघीही पाण्याचा वार मोजणाऱ्याच निघालो.

संध्याकाळी सगळ्या शेकोटीपाशी बसलो होतो. अक्का दिसेनात म्हणून मी पाहायला गेले, तर त्या ओसरीवर दिव्याखाली बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं भराभर चालू होती. मी म्हटलं, "अक्का, अहो इथे तरी!" त्या मान वर न करता म्हणाल्या, "ताई, दोन दिवसांचं काम बुडायलंय. सोमवारी माल द्यायचाय. थोडं तरी हातावेगळं होईल."

मैत्रिणींनो, माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. विडी कामगार बाईला मासिक पगार नसतो. हजार विड्यांमागे मजुरी. वळल्या तर पैसे, नाही तर नाही. मी मोठ्या ऐटीत तिला सहलीचं 'वाण' दिलं होतं आणि त्या वाणाची किंमत ती स्वतःच्या खिशातून भरत होती. आदल्या तीन रात्री जागून तिने जास्तीचं काम उरकलं होतं, हे मला नंतर समजलं. माझ्यासारख्या गृहिणीची सुट्टी म्हणजे घरच्यांची थोडी गैरसोय. तिची सुट्टी म्हणजे चुलीला खीळ. एवढं साधं गणित मी मांडलं नव्हतं. मी काही न बोलता शेजारी बसले आणि विड्यांचे कट्टे बांधायला दोरा हातात घेतला. चार गाठी चुकल्यावर अक्कांनी हळूच तो काढून घेतला. "राहू द्या ताई, तुम्ही उद्याचं बघा. गुडघ्याला पट्टा आणलाव ना?"

रविवारी सकाळी लवकर निघालो. बरोबर त्याच घरातला वाटाड्या मुलगा होता. गावापासून पंधरा-वीस मिनिटं चाललो आणि झाडीतून एकदम जमीन दुभंगल्यासारखी वाट खाली उतरली. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या सरळ भिंती. वर पाहिलं तर आकाशाची एक निळी पट्टी, नऊवारीच्या काठाएवढी. भिंतींची उंची काही ठिकाणी दोनशे फुटांच्या घरात आणि मधली वाट मात्र काही जागी इतकी चिंचोळी, की दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकावेत. दिवसातला थोडाच वेळ इथे ऊन पोचतं. बाहेर ऊन चढत होतं आणि आत माठातल्यासारखा गारवा.

ही दरी झाली कशी? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीतून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याचे थरावर थर बसले आणि आपला हा दख्खनचा कातळ तयार झाला. सोलापूरची काळी माती हीसुद्धा त्याच कातळाची झीज होऊन झालेली! म्हणजे आपलं ज्वारीचं शेत आणि ही दरी सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. या कातळाला जिथे भेगा पडल्या, तिथे पावसाचं पाणी शिरलं आणि लाखो वर्षं ती भेग कोरत राहिलं. आजही पावसाळ्यात ही दरी म्हणजे पाण्याची वाट असते. सगळा लोंढा इथून कोकणात कोसळतो. म्हणून पावसाळ्यात दरीत उतरायचं नाही म्हणजे नाही.

वाट म्हणजे वाट नव्हतीच. लहान-मोठ्या दगडांचा नुसता ढीग. टीव्हीएवढे दगड, कपाटाएवढे दगड, खोलीएवढे दगड. बसत, सरकत, हात धरत पुढे जायचं. थोड्या वेळाने पाण्याचा डोह आला. दोन्ही बाजूंनी भिंती, बाजूने जायला जागा नाही. पाण्यातूनच जायचं. पाणी मांडीपर्यंत आणि बर्फासारखं गार! तिघी जणी तिथेच थांबल्या. एकीला रक्तदाबाचा त्रास, दोघींना भीती वाटली. कुणी त्यांना आग्रह केला नाही, चेष्टाही केली नाही. वाटाड्या मुलानेच सांगितलं, "मावशी, इथून मागे फिरणं म्हणजे हरणं नाही. जबरदस्तीने पुढे आलेलेच पडतात." दुसऱ्या एका मुलाबरोबर त्या गावात परतल्या.

अक्कांनी साडीचा काष्टा मारला आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात पाय घातला.

पुढच्या एका मोठ्या दगडावर मात्र माझं सगळं अवसान गळालं. वर चढले, पण पलीकडे उतरता येईना. खाली पाहिलं, चार-पाच फूटच असेल, पण उजवा गुडघा वाकेना आणि पाय थरथरायला लागले. मागे रांग खोळंबली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंचं वाक्य आठवलं, मुलाचं हसू आठवलं. तेवढ्यात खालून अक्कांचा आवाज आला, "ताई, खाली बघू नका. माझ्या हाताकडं बघा." मी पाहिलं. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी पडलेली, कात्रीने घट्टे पडलेले. त्या हाताने माझं मनगट धरलं. "आता डावा पाय टाका. हं. बसा. आता सरका." मी सरकले आणि त्यांच्या अंगावरच जवळजवळ कोसळले. दोघी एकमेकींना धरून हसत सुटलो. वाण देणारी कोण आणि घेणारी कोण, हे तिथे मला नीट उमगलं.

तासा-दीड तासाने दरी एका जागी संपल्यासारखी होते आणि समोर एकदम आभाळ उघडतं. खाली खोल कोकण. शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाकडचं रान, डोंगरांच्या रांगा, धुक्याचा पडदा. इथून पुढे दोर लावून कडे उतरत खाली जातात. ते काम शिकलेल्या, तयारीच्या लोकांचं. आम्ही तिथेच बसलो. कुणी बोललं नाही. आमच्यातल्या सगळ्यात बडबड्या वहिनीसुद्धा गप्प! बऱ्याच वेळाने अक्का म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली, मी माझ्या सुपाच्या पलीकडं बघितलंच नव्हतं."

परत गावात आलो, जेवलो, निघायची वेळ झाली. घरच्या वहिनी तबक घेऊन बाहेर आल्या. हळद, कुंकू आणि ओटीला मूठमूठ तांदूळ. माझ्या पोटात गोळा आला. जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच इथे पुढे उभं! अक्का आणि आणखी चौघी आपोआप दोन पावलं मागे सरकल्या. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय. वहिनी क्षणभर घोटाळल्या. इतक्यात ओसरीवर बसलेल्या आजी उठल्या. त्यांचंही कपाळ मोकळंच होतं. सुनेच्या हातातल्या तबकातून त्यांनी तांदूळ घेतले, अक्कांपुढे आल्या आणि म्हणाल्या, "पदर धर बाई. लेकीबाळी मोकळ्या हाताने घरातून जात नसतात." तांदळावर त्यांनी घरच्या नाचणीची आणखी एक मूठ टाकली. मग त्या पाचही जणींची ओटी त्यांनी स्वतः भरली. ना भाषण, ना ठराव.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. 'बीजमाता' म्हणून आपण त्यांना ओळखतो. पदरात पडलेली ती मूठभर नाचणी बघून मला वाटलं, या मातीतल्या बायकांना काय जपायचं आणि काय सोडून द्यायचं, ते बरोबर कळतं.

घरी परतल्यावर पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, हळदीकुंकू आता 'तिळगूळ भेट' म्हणून करायचं आणि त्यात सगळ्या येणार. दुसरी, सहल काढली तर रोजंदारीवरच्या बायकांची बुडालेली मजुरी गटाच्या निधीतून द्यायची. दुसऱ्या मुद्द्यावर बरीच वादावादी झाली. "मग आमच्या कामाचे पैसे कोण देणार?" असंही कुणी विचारलं. रास्त प्रश्न होता. पण शेवटी ठराव झाला. पहिल्या मुद्द्यावर मात्र सगळ्यांची मनं अजून वळलेली नाहीत. दोघी जणी गेल्या वर्षी आल्या नाहीत. येतील हळूहळू. दरीसुद्धा एका पावसात कोरली गेली नव्हती.

तुम्हालाही जावंसं वाटत असेल, तर अनुभवाचे चार शब्द सांगते. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. पावसाळ्यात दरीत मुळीच उतरू नये आणि एरवीसुद्धा आभाळ भरून आलं तर गावकऱ्यांचं ऐकून मागे फिरावं. गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. आपली काळजी मिटते आणि गावात चार पैसे राहतात. पायात तळव्याला चांगली पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. सलवार-कमीज किंवा पँट सोयीची. साडीच नेसायची तर अक्कांसारखा काष्टा मारावा. कोरड्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल, पाणी, गूळ-शेंगदाणे आणि मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पिशवी बरोबर ठेवावी. दरीत स्वच्छतागृह नाही, त्यामुळे गावातल्या घरी सोय विचारूनच पुढे निघावं. पाळीचे दिवस असतील तर लागणारं सामान जास्तीचं घ्यावं आणि वापरलेलं कागदात गुंडाळून परत आणावं. अत्तर, सेंट लावू नये, आरडाओरडा करू नये. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. वरून एखादा दगड सुटू शकतो, म्हणून भिंतीखाली फार वेळ बसू नये. अभयारण्याचं प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा. गुडघे, रक्तदाब, दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. महिनाभर रोज अर्धा तास चालण्याची सवय केली, तर खूप फरक पडतो.

आणि हो, पाण्याचा वार बघायला विसरू नका!

सोमवारी पहाटे घरी पोचले तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. गुडघ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "काय, मोडला नाही ना?" म्हटलं, "नाही." त्या स्वयंपाकघरात गेल्या, चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच म्हणाल्या, "कुठे कुठे गेलात, सांग बरं सगळं. पहिल्यापासून."